सर्व्हरचं तापमान, पंखे आणि व्होल्टेज टर्मिनलवरून बघणं : आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी धागा

रुईगाठ (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

मंडळी, नमस्कार.

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेबाचा आणि वजनकाट्याचा सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. रॅकमधली मशीन, दोन पॉवर सप्लायची, नागपूरहून वापरलेली घेतलेली. काट्याला लागून जी खोली आहे तिथे ठेवलीय. खोलीत एसी आहे, पण लाइन गेली की एसी बंद आणि सर्व्हर मात्र यूपीएसवर चालूच. अशा खोलीत मशीनची तब्येत कशी ओळखायची, यावर इंग्रजीत वाचायला भरपूर मिळतं, पण ते सगळं थंडगार डेटा सेंटर गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपल्या नवतप्यात त्यातलं अर्धं लागू पडत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, नवीन लोकांसाठी. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक वेगळा छोटा संगणक असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बहुतेक वेळा नेटवर्कचं पोर्टही वेगळं. मुख्य मशीन बंद असली तरी वायरीत वीज आहे तोवर हा जागा असतो. तापमान, पंख्यांचे फेरे, व्होल्टेज या सगळ्या सेन्सरची माहिती त्याच्याकडे जमा होते आणि पंखे किती जोरात फिरवायचे हेही तोच ठरवतो. डेलच्या मशीनमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीच्या मशीनमध्ये आयएलओ. त्याच्याशी बोलायची जी सर्वमान्य पद्धत आहे ती आयपीएमआय. इंटेल, एचपी, एनईसी आणि डेल या चौघांनी ती १९९८ मध्ये आणली. आज सगळीकडे चालते ती दुसरी आवृत्ती २००४ ची. आयपीएमआयटूल हा टर्मिनलवरून हे सगळं करणारा मोफत प्रोग्रॅम. उबंटू, डेबियन अशा कुठल्याही लिनक्सवर एका आज्ञेत बसतो.

(आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर इंग्रजी स्पेलिंगनेच टाका.)

त्याच मशीनवर रूट (म्हणजे सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून बसला असाल तर पासवर्डही लागत नाही. फक्त आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेवइंटफ ही दोन कर्नल मॉड्यूल चढलेली हवीत. मग "आयपीएमआयटूल एसडीआर लिस्ट फुल" टाका. मे महिन्यातल्या एका दुपारचं आमच्या मशीनचं उत्तर बघा. लाइन होती, पण व्होल्टेज पडलेलं आणि स्टॅबिलायझरने एसी तोडलेला:

इनलेट टेम्प | ३९ डिग्री सी | ओके
एक्झॉस्ट टेम्प | ५२ डिग्री सी | ओके
फॅन १ | ९,८४० आरपीएम | ओके
फॅन २ | ९,९६० आरपीएम | ओके
फॅन ३ | ९,८४० आरपीएम | ओके
व्होल्टेज १ | २३० व्होल्ट | ओके
व्होल्टेज २ | १८६ व्होल्ट | ओके

इनलेट म्हणजे मशीनमध्ये शिरणारी हवा, एक्झॉस्ट म्हणजे बाहेर पडणारी. व्होल्टेज १ हा यूपीएसवरचा सप्लाय, म्हणून २३० स्थिर. दुसरा सप्लाय मी मुद्दाम थेट लाइनवर ठेवलाय. त्यामुळे गावच्या फीडरवर काय चाललंय ते वेगळं मीटर न लावता कळतं.

आता मुद्द्याचं. वरच्या यादीत सगळीकडे ओके आहे. मशीन बनवणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आकडा असला की ओके येतं, एवढंच. मशीन बरी आहे की नाही ते त्यातून कळत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर गाड्यांची रीघ लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंग चालतं. त्या दिवसांत हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. ते समोरच्या जाळीवर बसतात आणि बघता बघता जाळीवर पांढरी गादी तयार होते. जानेवारीतली सकाळची आकडेवारी अशी होती: इनलेट २३, एक्झॉस्ट ४४, पंखे ११ हजारांच्या वर. सगळं ओके! जाळी साफ केल्यावर तेच काम चालू असताना इनलेट २३, एक्झॉस्ट ३५ आणि पंखे ६ हजारांवर आले.

म्हणजे खोली थंड होती, मर्यादा कुठलीच ओलांडली नव्हती, तरी मशीन गुदमरत होती. इनलेट आणि एक्झॉस्टमधला फरक १२ वरून २१ वर गेला होता आणि पंखे जवळजवळ दुप्पट पळत होते. उष्णता तेवढीच, पण ती वाहून नेणारी हवा कमी, म्हणून प्रत्येक लिटर हवेला जास्त तापावं लागतं. हे दोन आकडे एकत्र वाचले तरच कळतं.

माझं सांगणं एवढंच आहे: मशीन स्वच्छ असताना, नेहमीच्या कामाच्या वेळी, तिचे आकडे लिहून ठेवा. हिवाळ्यातले वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे. पुढचं प्रत्येक वाचन त्या आकड्यांशी ताडून बघा, कंपनीच्या मर्यादेशी नाही. मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) दर ५ मिनिटांनी "आयपीएमआयटूल -सी एसडीआर लिस्ट फुल" चालवतो. -सी (लहान लिपीतलं अक्षर) दिलं की स्वल्पविरामाने तोडलेलं उत्तर मिळतं, ते सरळ फाइलला जोडायचं, पुढे तारीख-वेळ लावायची. एवढ्यावर महिन्याभरात चित्र उभं राहतं.

मला विचारायचंय ते असं. इनलेटची वरची इशारा-मर्यादा आमच्या मशीनवर ४२ आहे. मे महिन्यात लाइन दोन तास गेली की ती ओलांडली जाते. ही मर्यादा वाढवून घ्यावी का? आणि लाइन आल्यावर मशीन आपोआप चालू व्हावी की नाही, याबद्दल तुम्ही काय करता?

---

मूळचा_वणीचा (सध्या पुणे)

रुईगाठ, फरकाचा मुद्दा फार चांगला मांडलात. मी पुण्यात डेटा सेंटरमध्येच आहे. आमच्याकडेही एखाद्या रॅकसमोर पुठ्ठा आला की सगळ्यात आधी हाच फरक बोलतो.

मर्यादेबद्दल. अ‍ॅशरे ही अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संस्था सर्व्हरसाठी इनलेट हवेचे पट्टे ठरवून देते. शिफारस १८ ते २७ अंशांची. चालवून घ्यायची मुभा वर्गाप्रमाणे: ए२ वर्गाला ३५ पर्यंत, ए३ ला ४० आणि ए४ ला ४५ पर्यंत. तुमची मशीन कुठल्या वर्गातली आहे ते तिच्या माहितीपत्रकात असतं, आधी ते शोधा. काही कंपन्या वर्षातले थोडेच तास ४० किंवा ४५ ची परवानगी देतात, ती अट नीट वाचा.

मर्यादा बदलायची आज्ञा आहे: "आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश", पुढे सेन्सरचं नाव, मग "अप्पर" आणि तीन आकडे. पहिला साध्या इशाऱ्याचा, दुसरा गंभीर, तिसरा हाताबाहेर गेल्याचा. "लोअर" लिहिलंत तर क्रम उलटा होतो, सगळ्यात खालचा आकडा आधी. इथे चुकून उलटं लिहिलं तर पंखा व्यवस्थित फिरत असूनही बोंब सुरू होते. काही मशीनवर या मर्यादा बदलताच येत नाहीत, आणि काहींवर बीएमसी नव्याने सुरू झाला की जुन्या परत येतात. म्हणून बदललंत तर सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच टाका.

पण माझं मत विचाराल तर ४२ ची मर्यादा हलवू नका. मर्यादा म्हणजे फक्त घंटा. घंटा उशिरा वाजवल्याने मशीन थंड होत नाही. उलट मी तुमच्या जागी असतो तर क्रॉनच्या स्क्रिप्टमध्ये ३७ ला माझा वेगळा इशारा ठेवला असता, म्हणजे काही करायला वेळ मिळतो. सिलिकॉनची चिप ८०-९० अंशांवरही तग धरते. आधी म्हातारे होतात ते इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आणि हार्डडिस्क. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी आयुष्य निम्म्यावर येतं. डिस्कचं तापमान आयपीएमआयटूल बहुतेक वेळा दाखवत नाही, त्यासाठी "स्मार्टसीटीएल -ए" वापरा आणि तेही त्याच फाइलमध्ये टिपा. डिस्क ५० च्या वर रोज राहत असेल तर बॅकअपची तारीख बघा.

---

पूर्णाकाठ (अकोट)

भाऊ, लय कामाचं लिहिलं. आमच्या इकडं सर्व्हरच्या खोलीले एसी नाही, डेझर्ट कूलर हाय. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी राह्यते का बाहेर ४४ असलं तरी कूलरची हवा ३० च्या आसपास उतरते. इनलेट टेम्प ३२-३३ च्या वर जातच नाही. अन् लाइन गेली तं कूलरचा पंखा अन् पंप दोन्ही इन्व्हर्टरवर चालते, एसी थोडीच चालते?

पण आमचा हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी टाकीत भरलं का वाळ्याच्या ताट्या पांढऱ्या पडते. ते ताटीवर राह्यलं तं काही नाही, पण पाण्याचे बारीक थेंब हवेसंगं उडते अन् ते खार मशीनच्या जाळीवर, आत पट्टीवर जाऊन बसते. म्या आता कूलरमध्ये फक्त वान धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी टाकतो. अन् कूलरचं तोंड मशीनकडं नाही, भिंतीकडं. हवा खोलीत सोडायची, समोरच्या भिंतीले एक्झॉस्ट पंखा लावायचा. कूलर चालू अन् खिडक्या बंद असं केलं तं घंटाभरात खोली दमट होते अन् थंडावा जाते.

---

मूळचा_वणीचा

पूर्णाकाठ, भिंतीकडे तोंड केलंत ते उत्तम. खार, धूळ आणि दमटपणा एकत्र आले की बोर्डावरचं तांबं गंजायला लागतं आणि हे कुठल्याही सेन्सरमध्ये दिसत नाही. मृगाच्या सरी आल्या की पंप बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा आधीच ओलावलेली असते, पाण्याने थंडावा मिळत नाही, नुसती ओल वाढते.

---

वैनगंगा (गोंदिया जिल्हा)

छान चर्चा चाललीय. आमची राइस मिल आहे. कोंड्याची बारीक धूळ असते, रुईसारखी दिसत नाही पण तेलकट असल्यामुळे पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. आमचा सर्व्हर म्हणजे असेंबल केलेला साधा पीसी आहे, त्यावर लिनक्स. आयपीएमआयटूल टाकलं तर "डेव्हआयपीएमआय० उघडता येत नाही" असं येतं. आमच्यासाठी यात काही आहे का?

---

रुईगाठ

ताई, साध्या पीसीत बीएमसी नसतो, म्हणून ते डिव्हाइसच तयार होत नाही. तुमच्यासाठी एलएम-सेन्सर्स आहे. पॅकेज टाकल्यावर एकदा "सेन्सर्स-डिटेक्ट" चालवा. तो बोर्डावरच्या चिप शोधतो आणि कुठलं मॉड्यूल लागेल ते सांगतो. मग नुसतं "सेन्सर्स" टाकलं की प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचं तापमान आणि बोर्डाची चिप ओळखली गेली असेल तर पंख्यांचे फेरेही दिसतात. "वॉच सेन्सर्स" टाकलंत तर दर २ सेकंदांनी ताजं होतं.

यात इनलेट-एक्झॉस्ट नसतं. तुमच्याकडे ताडून बघायची जोडी म्हणजे प्रोसेसरचं तापमान आणि खोलीचं तापमान. खोलीत साधा थर्मामीटर टांगा, त्याच वेळचे दोन्ही आकडे लिहा. खोली ३० ला असताना रिकामा बसलेला प्रोसेसर नेहमी ४५ दाखवत असेल आणि एक दिवस ५८ दाखवायला लागला, तर कोंडा बसला किंवा प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली.

आणि एक फरक लक्षात ठेवा. हे सगळं लिनक्स चालू असेपर्यंतच. मशीन अडकली की सेन्सर्सही गप्प. बीएमसीचा खरा उपयोग तिथेच आहे.

---

वैनगंगा

चाललं! कोअरचं तापमान आलं, पंख्याचे फेरेही आले. काही व्होल्टेज मात्र भलतीच दाखवतंय, १२ च्या जागी ३ काहीतरी.

---

मूळचा_वणीचा

ताई, ते घाबरायचं काम नाही. चिपला १२ व्होल्ट थेट मोजता येत नाहीत, रोधक लावून कमी करून मोजतात. कुठल्या बोर्डावर कुठले रोधक आहेत हे एलएम-सेन्सर्सला माहीत नसतं. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये "कॉम्प्युट" ओळीने गुणक द्यावा लागतो. तुम्हाला तापमान आणि पंखेच हवेत, बाकीचे "इग्नोर" करून टाका.

---

आश्रमशाळा_धानोरा (जि. गडचिरोली)

लाइनीच्या प्रश्नावर लिहितो, कारण आमच्याकडे तोच प्रश्न मुख्य आहे. शाळेतल्या संगणक कक्षात एक जुना सर्व्हर आहे, त्यावर मुलांसाठी कीविक्सने ऑफलाइन विकिपीडिया ठेवलाय. पावसाळ्यात झाड पडलं की लाइन केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

लाइन आल्यावर मशीनने काय करावं हे बीएमसीलाच सांगता येतं. "आयपीएमआयटूल चेसिस पॉलिसी", आणि पुढे तीनपैकी एक: ऑलवेज-ऑन, प्रीव्हियस किंवा ऑलवेज-ऑफ. शहरात लोक डोळे मिटून ऑलवेज-ऑन करतात. आपल्याकडे लाइन येते ती एकदाच येत नाही. येते, जाते, पुन्हा येते, व्होल्टेज खालीवर होतं आणि मग कुठे स्थिरावते. ऑलवेज-ऑन असेल तर मशीन प्रत्येक वेळी उठायला लागते आणि डिस्क तपासणीच्या मध्येच पुन्हा पडते.

म्हणून मी ऑलवेज-ऑफ ठेवलंय. सोलरच्या बॅटरीवर रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक कायम चालू असतो. तो नेटवर्कवरून बीएमसीला व्होल्टेज विचारत राहतो. मुख्य मशीन बंद असली तरी आमच्या बीएमसीकडून पॉवर सप्लायचं इनपुट व्होल्टेज मिळतं. ते सलग १० मिनिटं २०० च्या वर राहिलं की पाय "चेसिस पॉवर ऑन" पाठवतो. लाइन आल्याआल्या बीएमसी उत्तर देत नाही, त्याला स्वतःला उठायला एक-दोन मिनिटं लागतात, स्क्रिप्टमध्ये ते धरून चाला.

बंद करताना "चेसिस पॉवर सॉफ्ट" वापरा. तो पॉवरचं बटण हलकेच दाबल्यासारखा निरोप असतो, लिनक्स सगळं आवरून बंद होतं. "पॉवर ऑफ" म्हणजे सरळ वीज तोडणं.

दुसरं, बीएमसीची नोंदवही. "आयपीएमआयटूल सेल ईलिस्ट" टाका, झालेल्या घटना तारखेसकट दिसतात. सप्लायची लाइन गेली की "पॉवर सप्लाय एसी लॉस्ट" अशी ओळ पडते, आली की दुसरी. म्हणजे लोडशेडिंगचा हिशेब आयता मिळतो. पण या वहीची जागा छोटी असते. रोज चार वेळा लाइन जात असेल तर ती भरते, आणि बऱ्याच मशीन भरल्यानंतर नवीन काही लिहीतच नाहीत. मग ज्या दिवशी मेमरीचा खरा दोष येईल त्या दिवशी वही गप्प. "सेल इन्फो" मध्ये किती टक्के भरली ते दिसतं. महिन्याला "सेल सेव्ह" करून फाइल काढून घ्या आणि मग "सेल क्लिअर".

---

रुईगाठ

सर, पायची कल्पना लगेच उचलतो. माझा दुसरा सप्लाय थेट लाइनवर आहेच, म्हणजे व्होल्टेज २ वर नजर ठेवायची. आणि आत्ताच बघितलं, आमची सेल ९१ टक्के भरलेली आहे, जवळजवळ सगळ्या ओळी एसी लॉस्टच्या.

---

सीताबर्डी (नागपूर)

मी वापरलेले सर्व्हर दुरुस्त करून देतो, त्यामुळे दोन शब्द.

आधीच्या मालकाचा बीएमसी पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. घाबरू नका. लिनक्स टाकून रूटने "यूझर लिस्ट १" करा, कुठल्या क्रमांकाला कोण आहे ते बघा, मग "यूझर सेट पासवर्ड २". संपलं. बहुतेक मशीनवर ते क्रमांक २ वरच असतं. "लॅन प्रिंट १" ने पत्ता बघा. उत्तर आलं नाही तर चॅनल क्रमांक वेगळा असतो, ८ करून बघा. जुन्या मालकाच्या नेटवर्कचा पत्ता तसाच राहिलेला असतो, तो "लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक" करून स्वतःचा द्या.

आता पंख्यांबद्दल, कारण हा प्रश्न मला गिऱ्हाइकं सगळ्यात जास्त विचारतात. ऑफिसात ठेवलं की आवाज सहन होत नाही, पंखे हळू करून द्या म्हणतात. आयपीएमआयमध्ये पंख्याच्या वेगाची सर्वमान्य आज्ञा नाही. प्रत्येक कंपनीची "रॉ" आज्ञा वेगळी. डेलच्या जुन्या पिढ्यांत "रॉ ०एक्स३० ०एक्स३० ०एक्स०१ ०एक्स००" टाकलं की पंखे बीएमसीच्या हातून सुटतात, मग वेग आपण द्यायचा. शेवटी ०० च्या जागी ०१ टाकलं की परत स्वयंचलित. नव्या फर्मवेअरमध्ये डेलने हे बंद केलंय. सुपरमायक्रो या दुसऱ्या सर्व्हर कंपनीचे आकडे पूर्ण वेगळे. कुठल्या तरी पानावरून उचललेली रॉ आज्ञा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर मारू नका. त्याच आकड्यांचा तिथे अर्थ काहीही असू शकतो.

---

मूळचा_वणीचा

सीताबर्डीभाऊंच्या बोलण्याला जोड देतो, हे गंभीर आहे. पंखे हाती घेतले की बीएमसी तापमान बघून ते वाढवत नाही. तुमची स्क्रिप्ट मेली, लिनक्स अडकलं, तरी पंखे तुम्ही सांगितलेल्या २० टक्क्यांवरच फिरत राहतात. करायचंच असेल तर स्क्रिप्ट सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) सेवा म्हणून चालवा आणि ती कशानेही थांबली तरी स्वयंचलित करणारी आज्ञा चालेल अशी "एक्झेकस्टॉपपोस्ट" ओळ घाला. आणि इनलेट ३० च्या वर गेलं की स्क्रिप्टने स्वतःहून हात सोडावा.

यवतमाळ-चंद्रपूरच्या बाजूला मार्च ते जून मी हे करूच देणार नाही. आवाज नको असेल तर मशीन दुसऱ्या खोलीत हलवा.

---

टिपेश्वर

रुईगाठ, मीही तुमच्याच भागातला. सुट्टीच्या दिवशी घरून आकडे बघायचे असतील तर राउटरवर बीएमसीचं पोर्ट उघडून ठेवलं तर चालेल का? पासवर्ड कडक ठेवला आहे.

---

मूळचा_वणीचा

नाही. कृपा करून नाही.

आयपीएमआय यूडीपीच्या ६२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. दुसऱ्या आवृत्तीत ओळख पटवायची जी पद्धत आहे तिच्यातच दोष आहे: नाव बरोबर असलं तर पासवर्ड पडताळायच्या आधीच बीएमसी त्या पासवर्डपासून बनवलेला हॅश (पासवर्डचं गुंतागुंतीचं सांकेतिक रूप) समोरच्याच्या हातात देतो. समोरचा तो घरी नेऊन निवांत फोडत बसतो. हे २०१३ पासून जगजाहीर आहे आणि फर्मवेअर बदलून सुटत नाही, कारण ते मानकातच आहे. पासवर्डची लांबीही २० अक्षरांपुरतीच. काही जुन्या मशीनवर सायफर झिरो नावाचा ओळख न तपासणारा पर्याय चालू असतो, तिथे तर पासवर्ड कोणताही चालतो. आणि बीएमसी ज्याच्या हाती त्याच्या हाती अख्खी मशीन, लिनक्सला पत्ताही लागत नाही.

बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) टाका, आधी खोलीतल्या नेटवर्कमध्ये या आणि मग आतून बीएमसीशी बोला. बीएमसीच्या पोर्टाला इंटरनेटचा रस्ताच देऊ नका. मोबाइल डाटावरून संथ वाटलं तर एकदा "एसडीआर डम्प" करून सेन्सरची यादी फाइलमध्ये घ्या आणि पुढे -एस देऊन ती वापरा. दर वेळी पूर्ण यादी ओढावी लागत नाही, उत्तर लगेच येतं. पासवर्ड -पी ने आज्ञेत लिहू नका, शेलच्या इतिहासात राहतो. -ई द्या आणि पासवर्ड आयपीएमआय_पासवर्ड या व्हेरिएबलमध्ये ठेवा. (-एस, -पी, -ई ही तिन्ही मोठ्या लिपीतली अक्षरं.)

---

टिपेश्वर

समजलं. पोर्ट उघडत नाही. वायरगार्ड आजच टाकतो.

---

पूर्णाकाठ

एक विचारतो. रुईगाठ भाऊ, जाळी साफ कायनं करता? जिनिंगात तं कॉम्प्रेसर राह्यतेच.

---

रुईगाठ

भाऊ, कॉम्प्रेसर वापरत नाही. त्याच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो आणि दाब इतका की पंखे भलत्या वेगाने गरगरतात, बेअरिंग जातं. मशीन बंद करून वायर काढतो, समोरची जाळी सुटी करून बाहेर झटकतो, मऊ ब्रशने पुसतो. आत छोटा हातातला ब्लोअर, आणि तो मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं. रुई दिसायला मऊ असली तरी तिचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत आडवे अडकतात. ते हवेने निघत नाहीत, चिमट्यानेच काढावे लागतात.

सर्व्हरच्या जाळीला फोम लावायचा विचार मी सोडून दिला. तिथे फोम लावला की मशीनचीच हवा कमी होते. त्याऐवजी खोलीच्या खिडकीला मोठ्या चौकटीत फिल्टरचं कापड लावलं. मोठ्या चौकटीतून हवा सावकाश येते, अडथळा कमी आणि धुवायलाही सोपं. इनलेट-एक्झॉस्टचा फरक आता हंगामातही १४ च्या आत राहतो. १६ झाला की काट्यावरच्या पोराच्या फोनवर टेलिग्रामवरून निरोप जातो, "जाळी बघ". ४२ ची मर्यादा आहे तशीच ठेवली, माझा इशारा ३७ ला लावला, पॉलिसी ऑलवेज-ऑफ केली. पाय नागपूरहून मागवलाय.

---

आश्रमशाळा_धानोरा

रुईगाठ, पाय लावण्याआधी बीएमसीचं घड्याळ तपासा. आमच्या नोंदवहीत तारखेऐवजी "प्री-इनिट" असं येत होतं. "सेल टाइम सेट नाऊ" केलं की मशीनच्या घड्याळाप्रमाणे लागतं, नाही तर लाइन केव्हा गेली ते जुळवता येत नाही. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी उतरली असेल तर ती बदला, म्हणजे घड्याळ टिकेल.

---

रुईगाठ

बघितलं सर, घड्याळ साडेपाच तास मागे होतं. बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) ठेवलेलं. आयएसटीवर (भारतीय वेळ) आणतो आणि मग पाय जोडतो.

---

मूळचा_वणीचा

आणू नका, यूटीसीवरच राहू द्या आणि क्रॉनच्या फाइलमध्येही यूटीसीच लिहा. दोन्ही नोंदी एकाच घड्याळावर असल्या की पुरे. वाचताना साडेपाच तास मिळवा.